सेवण कुठे उगवते, तिच्या शेजारी कोण राहते: थरचे गवत वाचायची पद्धत

थरच्या वाळवंटातले खरे गवत कोणते, असे जैसलमेरकडच्या कुणाही गुराख्याला विचारा, उत्तर एकच येईल: सेवण. शास्त्रीय नाव लॅसियुरस सिंडिकस. बहुवर्षायू, ठोंब करून वाढणारे, माणसाच्या कमरेपर्यंत आणि चांगल्या पावसात त्याहूनही उंच जाणारे गवत. एकदा धरलेला ठोंब वीस वर्षांपर्यंत टिकू शकतो. थारपारकर आणि राठी या गाईंच्या जाती ज्या मुलखात घडल्या, त्या मुलखाचा मुख्य चारा हाच. आणि तरीही सरकारी दप्तरात या जमिनीचा बराचसा भाग ‘पडीक’ म्हणून नोंदलेला आहे. मला हे फार लागते. पडीक म्हणजे जिथे काही नाही. सेवणीच्या रानात काय काय आहे हे एकदा नीट मोजून पाहिले की तो शब्द तोंडातून निघत नाही.

हा लेख त्या मोजण्यासाठीच आहे. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, माळढोक बघायला जाणारे पक्षीनिरीक्षक, गवताळ रानांवर काम करणारी मंडळी, अशा कुणालाही ही पद्धत वापरता येईल. एक गोष्ट आधीच सांगतो: सेवण नुसती ओळखून फारसे हाती लागत नाही. ती कोणत्या जमिनीवर उभी आहे आणि तिच्या शेजारी कोण आहे, हे वाचता आले तरच त्या रानाची तब्येत कळते.

पहिली पायरी: नकाशावर पाऊस बघा

घरून निघण्याआधी पश्चिम राजस्थानचा पर्जन्यनकाशा समोर घ्या. वर्षाला साधारण १०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडणारा पट्टा हा सेवणीचा मुलूख. जैसलमेर जिल्हा जवळजवळ सगळा, बारमेर आणि बिकानेरचा पश्चिमेकडचा भाग, आणि जोधपूर जिल्ह्याची वाळवंटाकडची बाजू. हद्दीपलीकडे पाकिस्तानातल्या चोलिस्तानात ती आहेच, आणि तिथून अरबस्तान ओलांडून आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत तिचा वावर आहे.

दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी १९७३ साली भारताच्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार पाडले. त्यातल्या एका प्रकाराचे नाव डायकँथियम–सेंक्रस–लॅसियुरस. राजस्थान, उत्तर गुजरात, पंजाब, दिल्ली आणि पश्चिम उत्तर प्रदेश मिळून सुमारे ४ लाख ३६ हजार चौरस किलोमीटरचा हा पट्टा. ही तीन नावे मी नेहमी जिन्यासारखी वाचतो. डायकँथियम म्हणजे आपले मारवेल. दख्खनच्या माळावर वाढलेल्या माणसाला ते ओळखीचे असते. त्याला भारी जमीन आणि जास्त ओल लागते. सेंक्रस म्हणजे धामण. जोधपूरच्या आसपास ३०० मिलिमीटरच्या पुढे-मागे पाऊस असतो तिथे ती जोरात येते. आणि शेवटची, सगळ्यात कोरडी पायरी सेवणीची. जोधपूरहून रस्त्याने जैसलमेरला निघालात तर खिडकीतून हा जिना उतरताना दिसतो, फक्त गाडी अधूनमधून थांबवायची तयारी हवी.

दुसरी पायरी: वेळ साधा

जैसलमेरला मोसमी पाऊस जुलैत पोहोचतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून परतायला लागतो. पहिल्या चांगल्या सरीनंतर वाळलेल्या काड्यांच्या बुडातून काही दिवसांतच हिरवे धुमारे फुटतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गेलात तर तुरे आणि शेजारची वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून संपणारी, झाडेही सापडतात. हिवाळ्यात गेलात तरी हरकत नाही. उभी पिवळी काडी लांबून दिसते आणि ठोंब मोजणे सोपे जाते. मात्र वर्षायू झाडे तेव्हा गेलेली असतात, त्यामुळे शेजाऱ्यांची यादी अपुरी राहते. उन्हाळा टाळा. याच पट्ट्याच्या काठावर फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते.

परवानग्यांचे आधी बघा. डेझर्ट नॅशनल पार्क १९८० साली जाहीर झाले, क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बारमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले. तिथे वनखात्याची परवानगी घेऊनच काम करावे. सीमेकडच्या काही भागांसाठी जिल्हा प्रशासनाची वेगळी परवानगी लागते, आणि पोखरणकडच्या लष्करी क्षेत्रात पाऊल टाकायचे नाही. झाड उपटून नमुना घ्यायचा नाही, फोटो पुरतो.

तिसरी पायरी: आधी जमीन, मग गवत

उतरल्या उतरल्या खाली वाकून गवत शोधू नका. उभे राहून चारी बाजूंना बघा आणि ठरवा: आपण कशावर उभे आहोत? थर म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या, हा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो. सपाट वाळूची मैदाने, टेकड्या म्हणजे धोरे, खडकाळ आणि खडीचे माळ म्हणजे मगरे, खारट तळाचे सखल भाग म्हणजे रण, आणि पावसाचे वाहून आलेले पाणी अडवून शेती करण्याची खडीन. हे सगळे एकाच दिवसाच्या फेरीत भेटते.

सेवणीला आवडते ते सपाट किंवा हलके उंचसखल वाळूचे मैदान. वाळू खोल हवी, निचरा चांगला हवा. धोऱ्याच्या पायथ्याशी आणि मंद उतारावर ती येते. सतत सरकणाऱ्या माथ्यावर टिकत नाही. खडीच्या माळावर जिथे वाळूचा थर साठला असेल तेवढ्याच खळग्यांत तुरळक ठोंब दिसतील. पाणी साचणारी जमीन तिला मुळीच चालत नाही, आणि खाऱ्या रणात ती सापडणार नाही.

हातभर खड्डा करून बघायचा मोह झाला तर ठोंबापासून दूर करा. वरची वाळू कोरडी ठाक असते, खाली हात घातला की गारवा लागतो. वाळू पाऊस पटकन पिते, आणि वरचा कोरडा थर खालच्या ओलीचे झाकण होतो. एवढ्याशा पावसावर बहुवर्षायू गवत उभे राहते त्यात या ओलीचा मोठा वाटा आहे. सेवणीच्या मुळांत हवेतला नत्र बांधणारे जिवाणूही सापडले आहेत. निकस वाळूत ही मदत लहान नाही.

चौथी पायरी: ओळख पक्की करा

एक ठोंब निवडा आणि त्याच्याजवळ बसा. बुडाला हात लावा. सेवणीचा बुंधा लाकडासारखा टणक लागतो, जुन्या काड्यांचे खुंट त्यात अडकलेले असतात. पाने अरुंद, निळसर झाक असलेली हिरवी. तुरा बोटभर लांबीचा, पांढऱ्या रेशमी केसांनी भरलेला. सकाळच्या तिरप्या उन्हात हा तुरा चांदीच्या तारेसारखा चमकतो आणि तेव्हाच सेवण सगळ्यात लांबून ओळखू येते. आता भिंग काढा. तुऱ्याच्या प्रत्येक सांध्यावर कणिशके, म्हणजे गवताच्या फुलांची बारीक कणसे, तिनाच्या गटात दिसतील: दोन बिनदेठाची, एक देठाचे. ही खूण पक्की. पिकलेला तुरा तळहातावर हलकेच दाबला की सांध्यासांध्यातून सुटतो आणि केसाळ तुकडे वाऱ्यावर जातात.

घोटाळा करणारी चार गवते लक्षात ठेवा.

मुरट, म्हणजे पॅनिकम टर्जिडम, लांबून सगळ्यात जास्त फसवते. तेही मोठे, तेही वाळूत, तेही वर्षानुवर्षे टिकणारे. पण त्याच्या काड्या कडक, बांबूच्या बारीक काटकीसारख्या असतात, पेऱ्यांवर फांद्यांचे झुबके फुटतात, आणि तुरा मोकळा, विरळ, त्यावर गोलसर दाणे. रेशीम कुठेच नाही. माझ्या पहिल्या फेरीतल्या वहीत दोन जागी मुरटाची नोंद सेवण म्हणून झाली होती, कारण मी गाडीतून बघून लिहिले होते. तेव्हापासून हात लावल्याशिवाय नाव लिहीत नाही.

धामणीचा तुरा मऊ केसाळ शेपटीसारखा असतो, पण केस प्रत्येक दाण्याभोवती वेगळ्या झुपक्याने असतात आणि रंग बहुधा जांभळट किंवा भुरा. भुरट तर कपड्यांनाच सांगते. त्याची काटेरी बोंडे पायजम्याला चिकटली की काढता काढता बोटे सोलतात. दुष्काळात याच भुरटाचे दाणे माणसांनी खाल्ले आहेत. चौथे लांपला, म्हणजे ॲरिस्टिडा, दाण्याला तीन कुसळे असलेले. आपल्याकडच्या कुसळी गवताची सवय असलेल्याला ते लगेच कळते.

पाचवी पायरी: शेजाऱ्यांची यादी करा

इथे घाई करू नका. एका जागी किमान अर्धा तास द्या आणि पंचवीस पावलांच्या घेरात जे जे दिसेल ते लिहा. झुडपे आधी, कारण ती बाराही महिने असतात.

खोल वाळूच्या मैदानात सेवणीचा संसार बहुतेक असा मांडलेला असतो. वर फोग, म्हणजे कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस: पाने जवळजवळ नाहीत, नुसत्या हिरव्या-राखाडी काटक्यांचे जाळे. त्याच्या कळ्या-फुलांचा, म्हणजे फोगल्याचा, रायता राजस्थानात करतात. त्याच्या शेजारी खिंप, केरसुणीसारखी उभी हिरवी. मग पांढऱ्या लोकरी तुऱ्यांची बुई आणि बारीक पिवळ्या फुलांचा सिणिया. अधूनमधून एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी, किंवा रोहिडा. जमिनीलगत वाळूवर पसरणारी तांतियासारखी लहान गवते, सराटा, आणि तुंबा, म्हणजे आपले कडू वृंदावन, ज्याचे पिवळे गोळे वाळूवर पडलेले दिसतात. दोन ठोंबांमधली जागा उघडी असते. ती उघडी असणे हा दोष नव्हे. प्रत्येक ठोंबाची मुळे त्याच जागेतली ओल ओढतात. हिरव्यागार कुरणाची कल्पना डोक्यात घेऊन आलेल्याला नेमके हेच रान ‘उजाड’ वाटते.

धोऱ्यावर चढायला लागलात की पत्ते पुन्हा पिसले जातात. सेवण विरळ होते, मुरट आणि फोग वाढतात. माथ्याच्या जवळ बहुधा फोगच उरतो, वाळूत गाडला गेला तरी वरून पुन्हा फांद्या काढणारा.

मगऱ्यावर, खडीत, चित्र एकदम बदलते. वाळू बोटभर, खाली दगड. तिथे लाणा, केर म्हणजे आपली नेपती, आणि बोरडी म्हणजे रानबोर. गवतांत लांपला आणि खुजी, आडवी पसरणारी जात. कुठे कुठे चुरगळल्यावर वास येणारे बूर गवत, गवती चहाच्या कुळातले. अशा माळावर सेवण दिसली तर जागा नोंदवा आणि वाळूची खोली मोजा. एखाद्या हातरुंद खळग्यात वाळू साठली आणि तिथे तीनच ठोंब उभे, हे पाहिले की जमीन आणि गवताचे नाते पुस्तकाशिवाय कळते.

खारट रणाच्या काठाला लुणक आणि लाणीसारखी मांसल पानांची झुडपे, खारियो गवत, आणि जाळ, म्हणजे पिलूची झाडे. इथे सेवण संपली असे समजा. सखल, भारी जमिनीत आणि खडिनीच्या काठाला मारवेल भेटते. इतक्या पश्चिमेला ते पाहून मला दर वेळी बरे वाटते.

स्थानिक नावे विचारून घ्या. “राम राम सा” म्हणून थांबलात आणि “सेवण कठै ऊगै?” एवढे विचारलेत तरी कुणी ना कुणी हाताने दिशा दाखवतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग कुठले गवत कोणत्या जनावराला चालते तेही सांगतो. नावे गावागणिक बदलतात, म्हणून ज्या गावी ऐकले त्या गावासकट लिहा.

सहावी पायरी: मोजा

डोळ्यांचा अंदाज फसवतो, विशेषतः विरळ गवतात. साधने साधी: एक मीटर बाजूची चौकट, तीस मीटरची टेप, शिंप्याची टेप, वही, जीपीएस असलेला फोन. एकसारख्या जमिनीचा तुकडा निवडा, टेप सरळ टाका, आणि ठरावीक अंतराने चौकट ठेवा. जिथे गवत छान दिसते तिथेच चौकट टाकण्याचा मोह आवरा, नाहीतर सगळी मोजणी वाया जाते. एका जागी वीस चौकटी पुरेशा. झुडपांसाठी दहा मीटर बाजूचा चौरस घ्या.

प्रत्येक चौकटीत जाती, ठोंबांची संख्या आणि ठोंबाच्या बुडाचा घेर लिहा. घेर जमिनीलगत घ्यायचा, वरच्या पसाऱ्याचा नाही. पसारा पावसाप्रमाणे आणि चराईप्रमाणे बदलतो, बूड बदलत नाही. समजा वीसपैकी चौदा चौकटींत सेवण मिळाली, तर तिची वारंवारता ७० टक्के. एकूण ३६ ठोंब असतील तर घनता चौरस मीटरला १.८. सरासरी घेर ३८ सेंटिमीटर असेल तर घेराचा वर्ग करून १२.५७ ने (म्हणजे ४π ने) भागा: एका बुडाचे क्षेत्र सुमारे ११५ चौरस सेंटिमीटर. त्याला १.८ ने गुणले की २०७, म्हणजे एका चौरस मीटरच्या १०,००० चौरस सेंटिमीटरांपैकी जेमतेम २ टक्के भाग. हा आकडा बघून निराश होऊ नका. वाळवंटी गवतात बुडाखालची जमीन इतकीच थोडी असते.

सातवी पायरी: रान चढतेय की उतरतेय, ते ठरवा

आता यादी आणि आकडे एकत्र वाचा. जनावरे सेवणीला आधी तोंड लावतात. चराई सतत आणि बेसुमार झाली की ठोंब खुजे होतात, तुरे येत नाहीत, बी पडत नाही. तिची जागा आधी लांपला आणि आडवी पसरणारी खुजी गवते घेतात, मग भुरटासारखी वर्षायू गवते. शेवटी जनावरे ज्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत ती बुई, सिणिया आणि आक, म्हणजे रुई, तेवढी उरतात. म्हणून एकट्या बुईने घाबरू नका, ती चांगल्या रानातही असते. पण बुई-सिणिया दाट आणि सेवणीचे नुसते खुंट, असे दिसले तर ते रान उतरणीला लागले आहे. विलायती बाभूळ शिरली असेल तर वेगळी नोंद करा.

ठोंबाचे बूडही बोलते. वाळू ठोंबाभोवती साठून त्यातून ताज्या काड्या वर आल्या असतील तर गवत वाळू धरून ठेवते आहे. उलट ठोंब ओट्यावर बसल्यासारखा उंच, खालची मुळे उघडी पडलेली, असे असेल तर वारा जमीन नेतो आहे.

हे सगळे एका नजरेत बघायचे तर कुंपण गाठा. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीला राखलेली कुंपणे आहेत, आणि चांदणला काजरीचे सेवणीचे क्षेत्र आहे. काजरी म्हणजे जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, १९५९ पासून याच नावाने काम करणारी. कुंपणाच्या आत वीस पावले आणि बाहेर वीस पावले, पाऊस तोच, वाळू तीच. आतले ठोंब कमरेला लागतात, बाहेरचे घोट्याला. आत जायची परवानगी नसेल तर तारेबाहेरून फोटो घ्या, तोही पुरावा आहे. मात्र चराई म्हणजे शत्रू, असा निष्कर्ष काढू नका. देगरायसारख्या ओरणांत, देवाच्या नावाने राखलेल्या रानांत, पिढ्यान्‌पिढ्या जनावरे चरत आली आणि सेवणही टिकली. जमीन कमी झाली आणि जनावरे तेवढीच राहिली की ताण उरलेल्या रानावर येतो.

जमीन कशी कमी झाली तेही वहीत लिहा. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी मोहनगढ-नाचना भागात आले आणि सेवणीची रानेच्या राने शेतीखाली गेली. ट्रॅक्टरचा खोल नांगर बुंध्यासकट ठोंब उपटतो, पुढे जमीन पडून राहिली तरी सेवण आपली आपण लवकर परतत नाही. आता सौर प्रकल्प आणि वीजतारा त्याच सपाट वाळूवर येत आहेत, कारण दप्तरात ती पडीक आहे. माळढोक, ज्याला तिथे गोडावण म्हणतात, उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने बहुधा एकच अंडे घालतो, आणि तेही याच पावसाळी महिन्यांत. त्यामुळे मोजणी करताना पक्षी उठला किंवा अंडे दिसले तर टेप गुंडाळा आणि आल्या पावली मागे या. ती जागा सार्वजनिक ठिकाणी सांगू नका, वनखात्याला कळवा.

आठवी पायरी: परत जाता येईल अशी नोंद ठेवा

प्रत्येक जागेची अक्षांश-रेखांश, तारीख, जमिनीचा प्रकार, वाळूची खोली, वीस चौकटींचे आकडे, शेजाऱ्यांची यादी आणि चार दिशांचे चार फोटो. फोटोत एखादी खेजडी किंवा मैलाचा दगड येऊ द्या, म्हणजे दोन वर्षांनी तीच चौकट पुन्हा सापडेल. जवळच्या गावात त्या वर्षी पाऊस कधी आणि किती झाला ते विचारून लिहा. एका कोरड्या सालाने खुजी झालेली सेवण आणि चराईने खुजी झालेली सेवण फोटोत सारखीच दिसते, फरक पुढच्या चांगल्या पावसानंतर कळतो. त्या वेळी त्याच जागी, त्याच महिन्यात जा, आणि आधी जुन्या ठोंबांच्या बुडाला हात लावून बघा.